हरताळ, लसूण आणि नेरळचा लाल दिवा

नेरळला संध्याकाळ लवकर होते. सूर्य माथेरानच्या आड गेला की डोंगराची सावली आधी बाजारावर, मग रुळांवर आणि मग पलीकडच्या भातखाचरांवर सरकत जाते. वर आभाळात अजून भरपूर उजेड असतो आणि फलाटावर मात्र दिवे लागलेले असतात. अशा वेळी डोक्यावरच्या पाटीवर तांबडी अक्षरं उमटतात. कर्जतची गाडी किती मिनिटांत येणार, ते सांगतात. कर्जतच्या अंगाला सिग्नलचा लाल ठिपका असतो. लोक पाटीकडे पाहतात, मनगटाकडे पाहतात आणि रेल्वेला दोन शब्द सुनावतात. पाटी कशानं उजळली आहे, हा प्रश्न कुणाला पडत नाही, आणि पडावा असंही नाही.

ही तांबडी अक्षरं सोमलाच्या घरातली आहेत, असं मी शेजारी उभ्या असलेल्या मित्राला म्हटलं. त्यानं हातातला वडापाव एकदा नीट निरखून पाहिला.

सोमल म्हणजे आर्सेनिकची पांढरी भुकटी. आपल्या जुन्या गोष्टींमध्ये दुधात कालवली जाते ती. पाटीवरच्या लाल दिव्यांत ती भुकटी नसते, पण तिचं मूळ द्रव्य असतं. लाल एलईडी एक तर गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस अशा मिश्रणाचा असतो, नाहीतर गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर थर चढवून वाढवलेला असतो. म्हणजे एक तर आर्सेनिक पोटात, नाहीतर जन्म आर्सेनिकच्या मांडीवर. सिग्नलचा पिवळाही याच गोतावळ्यातला. हिरवा मात्र परका. तो गॅलियम आणि नायट्रोजनच्या घरातून आलेला आहे, त्याची गोष्ट वेगळी.

या लेखाला निमित्त झालं ते एका मराठी वाक्प्रचाराचं. 'हरताळ फासणे' आपण रोज वापरतो. नियमांना हरताळ, शिस्तीला हरताळ, दिलेल्या शब्दाला हरताळ. बंद पुकारतात तो हरताळ वेगळा. त्याचं मूळ बाजाराला कुलूप घालण्यात आहे. फासायचा हरताळ हा एक दगड आहे. पिवळाधमक, पत्र्यासारखे पदर सुटणारा. संस्कृतात हरिताल, रसायनशास्त्रात आर्सेनिक सल्फाइड. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखनिक खाडाखोड करत नसे. हरताळाची पूड खळीत कालवून त्या अक्षरावर फासायचा, वाळली की वर नवं अक्षर लिहायचा. कागदही पिवळसर असे, त्यामुळे डाग डोळ्यांत भरत नसे. विषारी असल्यामुळे कसरही त्या जागेपासून दूर राही. आज टेबलावर पांढरी बाटली असते, तेव्हा दौतीशेजारी पिवळी वाटी असे, एवढाच फरक.

आता यातली गंमत पाहा. हरताळ हा अर्धवाहक आहे. त्याचा पिवळा रंग हा कुठल्या भेसळीचा नाही, त्याच्या अर्धवाहकपणाचाच आहे. निळ्या-जांभळ्या उजेडाच्या कणांत पुरेशी ऊर्जा असते म्हणून हरताळ ते गिळतो. लाल-पिवळ्यांत ती कमी पडते म्हणून ते परत फिरतात आणि आपल्या डोळ्यांत येतात. म्हणजे आपले लेखनिक शेकडो वर्षं बोरूनं अर्धवाहक फासत होते.

वैद्य तर त्याच्याही पुढे गेले होते. रसशास्त्रात हरताळाचं 'रसमाणिक्य' नावाचं औषध आहे. हरताळ आधी कोहळ्याच्या रसात, चुन्याच्या निवळीत दोलायंत्रानं उकळून शुद्ध करायचा. मग त्याची पूड अभ्रकाच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पसरून आचेवर धरायची. पूड वितळते, थंड झाली की माणकासारखा लाल, पारदर्शक पापुद्रा हाती येतो. मला या औषधाच्या गुणांविषयी काही बोलायचं नाही, आणि आर्सेनिक पोटात घेण्याचा सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. पण वितळवणं, दोन पत्र्यांत पातळ करणं, थंड करून चकचकीत पापुद्रा मिळवणं, ही कृती आजच्या काचतज्ज्ञाला फार ओळखीची वाटेल. आर्सेनिक सल्फाइडची काच तो आज अवरक्त किरणांच्या भिंगांसाठी बनवतो. साध्या काचेतून जे किरण पार होत नाहीत, ते या काचेतून आरपार जातात.

अर्धवाहक म्हणजे काय, हे नेरळमध्ये समजावणं सोपं आहे. खाली नेरळ, वर माथेरान. इलेक्ट्रॉन खाली बसलेले असतात, वर जायला ऊर्जा लागते. मधला चढ म्हणजे त्या पदार्थाची ऊर्जाफट. तांब्यात चढच नसतो, इलेक्ट्रॉन मोकाट हिंडतात. अभ्रकात कडा इतका उंच असतो की कुणी वर पोचतच नाही. अर्धवाहकात चढ मधला. थोडी ऊब, थोडा उजेड किंवा थोडी वीज मिळाली की काही जण चढतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन कधीतरी खाली येणारच. तो कसा खाली येतो, यात सगळी मेख आहे.

सिलिकॉनमधला उतार आपल्या नेरळ-माथेरान मिनी ट्रेनसारखा आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी सरळ खाली येऊ शकत नाही. जवळजवळ २१ किलोमीटर वळणं घेत, ब्रेक तापवत ती उतरते. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनलाही खाली येताना बाजूला सरकावं लागतं, स्फटिकाच्या थरथरीचा धक्का घ्यावा लागतो, आणि त्यात त्याची ऊर्जा उष्णता बनून वाया जाते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मात्र वरची जागा थेट खालच्या जागेच्या माथ्यावर आहे. जुलैत माथेरानच्या कड्यावरून धबधबे कोसळतात तसा इलेक्ट्रॉन सरळ खाली येतो आणि आपली सगळी ऊर्जा उजेडाचा एक कण म्हणून सोडून देतो. म्हणून सिलिकॉन गणितं करतो, आठवणी ठेवतो, पण उजेड देत नाही. जिथे उजेडाशी थेट व्यवहार आहे, तिथे अनेकदा आर्सेनिक किंवा टेल्युरियम यांच्या दारात जावं लागतं. कीर्ती सगळी सिलिकॉनला मिळाली, गावाला आणि दरीला त्याचं नाव मिळालं. उजेडाची कामं या दोघांनी केली, यांच्या नावाची वाडीसुद्धा नाही.

गॅलियम आर्सेनाइडची ऊर्जाफट १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यातून निघणारा उजेड साधारण ८७० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असतो तो दिवा याच कुळातला. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोट त्याच्याकडे रोखा आणि बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. फॉस्फरस किंवा अॅल्युमिनियम मिसळून चढ थोडा वाढवला की उजेड लाल होतो. निक होलोन्याक यांनी १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये असाच पहिला दिसणारा लाल दिवा पेटवला. त्याच्या काही आठवडे आधी रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडचा पहिला लेझर चालवला होता. त्याच्याही दहाएक वर्षं आधी जर्मनीत सीमेन्स कंपनीच्या हाइनरिश वेल्कर यांनी या संयुगांकडे पहिल्यांदा गांभीर्यानं पाहिलं, तेव्हा बाकी जग जर्मेनियम आणि सिलिकॉनच्या मागे होतं. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधल्यापेक्षा सुमारे सहापट चपळ असतो. खिशातल्या मोबाइलचा आवाज टॉवरपर्यंत फेकणारी चकती अजूनही अनेकदा याचीच असते, ती या चपळाईमुळे.

यातलं गॅलियम येतं कुठून? माथेरानला जाऊन आलेल्या माणसाचे बूट पाहा. ती लाल माती म्हणजे जांभा दगडाची झीज. बॉक्साइट हा जांभ्याचा सख्खा भाऊ. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढताना उरलेल्या द्रावणात ते किंचित सापडतं, तिथूनच गोळा करतात. माथेरानची माती चाळून कुणी गॅलियम काढावं असं मी म्हणत नाही. वनखातं आणि घोडेवाले दोघंही धावून येतील. पण पाटीवरच्या लाल दिव्याचे एक नातेवाईक डोंगरावरच्या लाल मातीत राहतात, हे खोटं नाही.

चकती बनवणं मात्र चुलीवरचं काम नाही. गॅलियम आर्सेनाइड १२३८ अंश सेल्सियसला वितळतं. आर्सेनिक त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ६१५ अंशांना, न वितळता थेट वाफ होऊन निघून जातं. म्हणजे भांडं उघडं ठेवलं तर गॅलियम खाली आणि आर्सेनिक कारागिराच्या छातीत. म्हणून कधी बंद क्वार्ट्झच्या नळीत स्फटिक वाढवतात, कधी वितळलेल्या लगद्यावर बोरिक ऑक्साइडचा पातळ थर झाकणासारखा तरंगत ठेवून त्यातून स्फटिक हळूहळू वर ओढतात. सायीखालून दूध न सांडता काढण्यासारखी ही करामत आहे.

आणि शुद्धता? या धंद्यात '७ एन' म्हणतात, म्हणजे ९९.९९९९९ टक्के. दहा दशलक्ष कणांत एक परका. हे कर्जतच्या भाषेत सांगतो. कर्जतला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, 'कर्जत' नावानं भाताच्या कितीतरी जाती तिथून निघाल्या आहेत. हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरलं तर दहा दशलक्ष दाणे होतात दोन क्विंटल. दोन क्विंटल तांदळात एक खडा चालेल, दुसरा निघाला तर माल परत. आपल्याकडे आर्सेनिक, टेल्युरियम, कॅडमियम अशी मूलद्रव्यं या दर्जापर्यंत नेण्याचं काम सी-मेट या सरकारी संस्थेच्या हैदराबाद प्रयोगशाळेत चालतं. तिचं मुख्यालय पुण्यात, पाषाण रस्त्याजवळ आहे. पद्धत सुपात पाखडण्याच्या जवळची आहे. धातूच्या कांडीचा एक छोटा भाग वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा कांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवत न्यायचा. भेसळ त्या पट्ट्याबरोबर पुढे सरकते आणि शेवटच्या टोकाला साचते. तेवढं टोक कापून टाकायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता टेल्युरियम. १७८२ साली ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खाणीत फ्रान्झ-योसेफ म्युलर यांना एक खनिज सापडलं. त्यातला धातू कुठल्याच वर्णनात बसेना. ते तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते. १७९८ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोट यांनी त्याला नाव दिलं टेल्युरियम, लॅटिनमधल्या पृथ्वीवरून. नाव पृथ्वीचं, पण पृथ्वीच्या कवचात ते जवळजवळ नाहीच. तांबं शुद्ध करताना विजेच्या टाकीच्या तळाशी जो काळा गाळ साचतो, त्यातून सोन्या-चांदीबरोबर थोडं टेल्युरियमही निघतं. जगाची गरज मुख्यतः या गाळावर भागते.

त्याची आणखी एक खोड. चुकून किंचित जरी शरीरात गेलं तर माणसाच्या श्वासाला आणि घामाला लसणीचा वास येतो, आणि तो आठवडे, कधी महिने, जात नाही. आर्सेनिकही निखाऱ्यावर टाकलं तर लसणीसारखाच वास सोडतं. जुने खाणवाले त्यावरूनच ते ओळखत. म्हणजे आजच्या प्रकाशयुगाचे हे दोन आधारस्तंभ लसणीच्या चटणीच्या वासानं ओळखले जात. रसायनशास्त्राला विनोदबुद्धी नाही, असं कोण म्हणतं?

टेल्युरियमचं एक मोठं काम नेरळच्या डोक्यावर चालतं. अक्षरशः डोक्यावर. इन्सॅट-३डीआर हा हवामानाचा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला आणि विषुववृत्तावर, ७४ अंश पूर्व रेखांशाला, सुमारे ३६,००० किलोमीटरवर बसवला गेला. नेरळचा रेखांश ७३ अंशांच्या थोडा पुढे. म्हणजे इथे उभं राहून नाक सरळ दक्षिणेला केलं आणि मान वर केली की दृष्टी जवळपास त्याच्याकडेच जाते. जूनमध्ये टीव्हीवर अरबी समुद्रातले ढग सरकताना दिसतात ती चित्रं इन्सॅट मालिकेच्या डोळ्यांची. दिवसा साधा कॅमेरा चालतो. रात्री? रात्री ढग दिसत नाहीत, पण त्यांची उष्णता दिसते. आपण, डोंगर, समुद्र, ढग, सगळेच सतत अवरक्त किरण सोडत असतो, साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक. हे किरण ओळखायचे तर चढ फार बुटका हवा, एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढा.

असा पदार्थ निसर्गात आयता नव्हता. कॅडमियम टेल्युराइडचा चढ दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, आणि मर्क्युरी टेल्युराइडला चढच नाही. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या माल्व्हर्नच्या संशोधकांनी दोघांना एकत्र वितळवलं. पारा जास्त, कॅडमियम कमी, असं प्रमाण बदलत गेलं की चढ हवा तेवढा ठरवता येतो. आमटीत मीठ चाखत घालावं तसं. चार भाग पारा आणि एक भाग कॅडमियम या प्रमाणाला नेमकी तीच खिडकी उघडते, जिच्यातून पृथ्वीची उष्णता अवकाशात जाते. किरण टिपणारा हा पदार्थ स्वतःच्याच उष्णतेनं आंधळा होऊ नये म्हणून त्याला उणे पावणेदोनशे अंशांच्या आसपास गोठवून ठेवावं लागतं. ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच, आणि जितका उंच तितका जोरकस. रात्री तीन वाजता कोकणावर काय चाललंय ते टेल्युरियमला असं कळतं. त्या उपग्रहांना वीज पुरवणाऱ्या पंखांवर गॅलियम आर्सेनाइडचे अनेक थरांचे सौरघट असतात. आपल्या छपरावरच्या सिलिकॉन पॅनलच्या जवळपास दीडपट कार्यक्षम. म्हणजे पाहणारं टेल्युरियम आणि त्याला पोसणारं आर्सेनिक.

२६ जुलै २००५ ला आभाळातली ७४ अंशांवरची हीच जागा कल्पना-१ हा उपग्रह सांभाळत होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिनी ट्रेनचा मार्ग जागोजागी वाहून गेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, बचावपथकं चिखलातून पायी चढली. यात टेल्युरियमचा दोष नाही. त्याला ढगाचा माथा दिसतो, डोंगराच्या पोटात पाणी किती मुरलंय ते दिसत नाही. पण या लेखासाठी उपग्रहांची माहिती वाचताना माझं मन वारंवार त्या वाडीकडे जात होतं. ३६,००० किलोमीटर वरून ढगाचं तापमान मोजता येतं आणि शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरच्या पायवाटेवर सगळं अडतं, हे मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

आता पुन्हा जमिनीवर. नेरळच्या बाजारात, मागच्या आळ्यांत, इमारतींत फायबरचं इंटरनेट आलं त्याला आता बरीच वर्षं झाली. केबलवाला पोरगा जिन्यातून पिवळी बारीक वायर ओढतो, भिंतीवर डबी ठोकतो, हिरवा दिवा लागला की पैसे घेऊन जातो. त्या डबीत एक लेझर आहे. आपण पाठवलेला निरोप तो १३१० नॅनोमीटरच्या अदृश्य उजेडानं काचेच्या केसातून पुढे ढकलतो. या लेझरचा पदार्थ बहुधा इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचा. हवं ते मिश्रण जमवून थरावर थर चढवता येतात म्हणून हे शक्य झालं. त्या थरांच्या कल्पनेसाठी झोरेस अल्फेरॉव आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

शहरांना जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या तारांवर एकाच काचेत कितीतरी रंग एकत्र सोडतात. तिथे लेझर जरा तापला की त्याचा रंग सरकतो आणि शेजारच्याच्या वाटेत घुसतो. म्हणून तो लेझर एका इवल्या थंड पाटावर बसवतात. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. हा पाट असतो बिस्मथ टेल्युराइडचा. आर्सेनिकचा दिवा टेल्युरियमच्या पाटावर बसला की फोनवरचा व्हिडिओ अडखळत नाही. हॉटेलातल्या खोलीत आवाज न करणारा छोटा फ्रीज असतो, त्याच्याही पोटात कधी कधी असाच पाट सापडतो.

एका माणसानं मात्र या दोन्ही मूलद्रव्यांना एकाच भांड्यात घातलं. स्टॅन्फर्ड ओव्हशिन्स्की, ओहायोतल्या अॅक्रनचा. कॉलेजची पदवी नाही. लेथवर काम करणारा, हत्यारं बनवणारा, स्वतःचं लेथ यंत्र शोधून काढणारा कारागीर. आपल्याकडे खोपोलीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये भेटावा असा. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं एक शोधनिबंध छापला. पदार्थ होता काच. टेल्युरियम ४८, आर्सेनिक ३०, सिलिकॉन १२, जर्मेनियम १०. शास्त्रज्ञांची समजूत अशी की अर्धवाहक म्हटला की स्फटिक हवा, अणू कवायतीला उभे असल्यासारखे रांगेत हवेत. रशियात लेनिनग्राडच्या नीना गोर्युनोव्हा आणि बोरिस कोलोमिएत्स यांनी १९५५ मध्येच अशा काचा अर्धवाहक असतात हे दाखवलं होतं, पण फार कुणी ऐकलं नव्हतं. ओव्हशिन्स्कीच्या काचेत अणू बाजाराच्या दिवशीच्या गर्दीसारखे उभे होते, आणि तरी ती काम करत होती. विजेचा थोडा दाब दिला तर वीज अडवायची. ठराविक दाबाच्या वर गेलं की एका क्षणात वाट मोकळी. दाब काढला की पुन्हा बंद. रेल्वेचं फाटकच, फक्त उघडायला सेकंदाचा अब्जावा हिस्सा लागणारं. पदवी नसलेल्या माणसाचं हे बोलणं पुष्कळांनी हसण्यावारी नेलं. पण काचेसारख्या विस्कळित पदार्थांच्या भौतिकीबद्दल पुढे १९७७ मध्ये नेव्हिल मॉट यांना नोबेल मिळालं आणि हसणाऱ्यांची संख्या कमी झाली.

याच कुळातला दुसरा प्रकार फाटकासारखा परत बंद होत नाही, आहे त्या स्थितीत टिकून राहतो. जोरात तापवून चटकन थंड केला की विस्कळित, बेतानं तापवला की पुन्हा स्फटिक. एका स्थितीत तो उजेड चांगला परतवतो, दुसऱ्यात कमी. झाली की लेखनाची पाटी! ज्या सीडी-डीव्हीडीवर 'आरडब्ल्यू' लिहिलेलं असे, तिच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम, नाहीतर जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा पातळ थर असे. सीडीवर लिहिणारा लेझर अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा. आर्सेनिक लिहीत होतं, टेल्युरियम लक्षात ठेवत होतं, आणि हवं तेव्हा पुसतही होतं. पोथीच्या लेखनिकाची वाटी आठवते ना? हरताळ फासून अक्षर पुसायचं आणि त्याच जागी नवं लिहायचं. गंधक आणि टेल्युरियम आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेतले. मला या योगायोगाचं जे कौतुक वाटतं, ते वाचकांना वाटेल की नाही ठाऊक नाही. पण शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसानं यावर एक परिच्छेद खर्च करणं क्षम्य मानावं.

हे सगळं परदेशातच झालं असं वाटू नये म्हणून कोल्हापूरला जायला हवं. शिवाजी विद्यापीठात महागडी निर्वात यंत्रं नसताना पातळ अर्धवाहक थर बनवण्याची एक परंपराच उभी राहिली. सी. डी. लोखंडे आणि एस. एच. पवार यांनी विजेच्या साहाय्यानं द्रावणातून अर्धवाहक थर चढवण्यावर १९८९ मध्ये लिहिलेला आढावा जगभर संदर्भासाठी वापरला गेला. २००४ मध्ये एच. एम. पठाण आणि लोखंडे यांनी आणखी साध्या पद्धतीचा आढावा घेतला. चार चंचुपात्रं घ्यायची. पहिल्यात धातूचं द्रावण, तिसऱ्यात गंधक किंवा त्याच्या भावंडांचं, दुसऱ्या-चौथ्यात स्वच्छ पाणी. काचपट्टी पहिल्यात बुडवायची, धुवायची, तिसऱ्यात बुडवायची, धुवायची. प्रत्येक फेरीत अणूंचा एक-दोन थरांचा पापुद्रा. शंभर फेऱ्या झाल्या की अर्धवाहक तयार. मेणबत्त्या करणाऱ्या बाया वाती बुडवतात, त्याच चालीनं. गंधकाशी हे सहज जमतं, टेल्युरियम पाण्यात आणि उघड्या हवेत नखरे करतं. पण एखाद्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातला विद्यार्थीही संशोधन करू शकेल, एवढी ही रीत स्वस्त आहे, आणि मला तिचं मोल याच कारणासाठी जास्त वाटतं.

आज ही मूलद्रव्यं राजकारणात उतरली आहेत. चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर १ ऑगस्ट २०२३ पासून परवान्याची अट घातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेल्युरियम, बिस्मथ आणि इंडियमही त्या यादीत गेली. तमिळनाडूत २०२४ च्या सुरुवातीला कॅडमियम टेल्युराइडचे सौर पॅनल बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. त्या पॅनलमधला थर काही मायक्रोमीटरचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी, आणि तेवढ्यात ऊन गिळून टाकतो. दीड इलेक्ट्रॉनव्होल्टचा त्याचा चढ सूर्याच्या उजेडाला जवळजवळ मापून शिवल्यासारखा आहे. तांब्याच्या गाळातल्या चिमूटभर द्रव्यावर आता देशादेशांत घासाघीस चालते.

विषाचं काय, हा मित्राच्या नजरेतला प्रश्न बाकी होता. लाल दिव्यातलं आर्सेनिक स्फटिकात घट्ट जखडलेलं असतं, पाटीकडे पाहून कुणाला काही होत नाही. धोका आहे तो बनवताना आणि मोडताना. थर चढवायला अनेक ठिकाणी आर्सीन वायू लागतो, तो अतिविषारी. गॅलियम आर्सेनाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्ककारक ठरवलं आहे. म्हणून जुने रिमोट, फोन, एलईडीच्या माळा भंगारात फोडणं किंवा तांब्यासाठी उकिरड्यावर जाळणं वाईट. गेल्या दिवाळीत नेरळ परिसरात वायरींचा काळा धूर मी स्वतः पाहिला आहे. त्यात आर्सेनिक किती होतं मला सांगता येणार नाही, पण लसणीचा वास येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुनं सामान घेणारं अधिकृत केंद्र गाठायला एक फेरी पडेल, ती घाला.

आणि एक विनंती, जी मूळ दगडाकडे परत नेते. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी घरांत माळ्यावर बासनात बांधलेल्या जुन्या पोथ्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली उतरतात. पानावर पिवळं, जरा चकाकतं ठिगळ दिसलं तर तो हळदीचा डाग समजू नका, तो हरताळ असू शकतो. पोथी नदीत सोडू नका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. लहान मुलांना त्या पानांशी खेळायला देऊ नका. हाताळून झाल्यावर साबणानं हात धुवा. आणि पानं उलटताना बोट जिभेला लावू नका.